पासष्टी जवळ आली की: अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी मेडिकेअरची निवड

पासष्टाव्या वाढदिवसाला सहा-आठ महिने उरले की अमेरिकेतल्या घरांची टपालपेटी भरू लागते. निळ्या-पांढऱ्या पाकिटांवर सरकारी वाटावीत अशी ठळक अक्षरे असतात, आत हसऱ्या आजी-आजोबांची छायाचित्रे असतात, आणि अमुक तारखेच्या आत फोन करा असा आग्रह असतो. माझ्या वेळी मी ती सगळी पाकिटे जेवणाच्या टेबलावर ओतून वेगळी केली, तेव्हा त्यांतले एकच पत्र खरोखर सरकारचे निघाले. बाकीची सारी विमा कंपन्यांची आणि दलालांची होती. ती पाकिटे एका पिशवीत भरून बाजूला ठेवावीत, असा माझा पहिला सल्ला आहे. कोणत्या कंपनीची योजना घ्यावी हा प्रश्न खरा आहे, पण तो शेवटी येतो. त्याआधी आपण मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याला, पात्र आहोत का, आपल्या तारखा कोणत्या, आणि दोन मुख्य वाटांपैकी कोणत्या वाटेने जायचे, हे ठरवावे लागते. यांत चूक झाली, तर पुढे कितीही चांगली योजना निवडली तरी ती चूक भरून निघत नाही.

या लेखातील रकमा २०२६ सालच्या आहेत. त्या दरवर्षी बदलतात; नियम मात्र बरेचसे तेच राहतात.

मेडिकेअरचे चार भाग

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. तेव्हा तिचे दोनच भाग होते, आणि आजही पाया त्या दोघांचाच आहे. पार्ट ए म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, बाह्यरुग्ण उपचार. या दोघांना मिळून मूळ मेडिकेअर म्हणतात. पार्ट डी म्हणजे औषधे. हा भाग २००६ पासून सुरू झाला आणि तो खासगी कंपन्यांमार्फत मिळतो. पार्ट सी, म्हणजेच मेडिकेअर ॲडव्हांटेज, हा मूळ मेडिकेअरला जोडायचा तुकडा नव्हे. त्यात ए आणि बीचे सारे लाभ, बहुतेक वेळा औषधांसह, सरकारऐवजी एक खासगी कंपनी आपल्या नियमांनुसार देते. दात, चष्मा, श्रवणयंत्र आणि वृद्धाश्रमातली दीर्घकाळची देखभाल या गोष्टी मूळ मेडिकेअरमध्ये येत नाहीत.

पात्रता: चाळीस तिमाह्या

ज्यांनी अमेरिकेत साधारण दहा वर्षे सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचा कर भरून काम केले आहे, त्यांना पार्ट ए विनामूल्य मिळतो. हिशेब तिमाहीच्या श्रेयांकांनी होतो आणि ४० श्रेयांक लागतात. २०२६ मध्ये १,८९० डॉलरच्या कमाईला एक श्रेयांक मिळतो, आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. भारतात केलेल्या नोकरीची वर्षे यात धरली जात नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेची वर्षे जोडून घेण्याचा करार झालेला नाही. पंचेचाळिशीनंतर इकडे आलेल्या आणि मध्ये काही वर्षे भारतात परतलेल्या माणसाने सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर आपले खाते उघडून श्रेयांक मोजून पाहावेत. अंदाजावर विसंबू नये.

आपल्या घरांतून एक गोष्ट वारंवार दिसते. नवऱ्याने तीस वर्षे नोकरी केली आणि बायकोने मुले, सासू-सासरे आणि घर सांभाळले. अशा गृहिणीला पार्ट ए मिळणार नाही, असा गैरसमज अनेकांचा असतो. तिला तो नवऱ्याच्या श्रेयांकांवर विनामूल्य मिळतो. ती ६५ वर्षांची होईल तेव्हा नवरा किमान ६२ वर्षांचा असावा, एवढी अट मात्र आहे. उलट बाजूनेही हाच नियम लागू होतो.

जुलै २०२५ च्या कायद्याने पात्रता आणखी अरुंद केली आहे. आता ती मुख्यतः नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि काही मोजके गट यांच्यापुरती आहे. व्हिसावर राहून वर्षानुवर्षे कर भरलेल्या आणि अजून ग्रीनकार्डाच्या रांगेत असलेल्या माणसाने हे आधीच लक्षात घ्यावे.

तारखा, आणि शाळेच्या दाखल्यावरची १ जून

पहिल्या नावनोंदणीची मुदत सात महिन्यांची असते: पासष्टाव्या वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. ज्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९६१ चा आहे, त्यांची मुदत १ जून ते ३१ डिसेंबर २०२६ अशी होते. जून ते ऑगस्टमध्ये अर्ज केला, तर १ सप्टेंबरपासून संरक्षण सुरू होते. ऑक्टोबरमध्ये केला, तर १ नोव्हेंबरपासून. म्हणून अर्ज पहिल्या तीन महिन्यांतच करावा.

यात एक बारीक नियम आहे आणि तो मराठी माणसांना विशेष लागू पडतो. ज्यांचा वाढदिवस महिन्याच्या १ तारखेला असतो, त्यांचे मेडिकेअर एक महिना आधीच सुरू होते, कारण माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते वय पूर्ण करतो असे हा कायदा मानतो. आपल्या पिढीत किती जणांच्या शाळेच्या दाखल्यावर, आणि म्हणून पासपोर्टवर, १ जून ही तारीख आहे हे सांगायला नको. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी लिहिली तीच जन्मभर चालली. घरी वाढदिवस श्रावणात होत असला, तरी सरकारी दप्तरात १ जूनच आहे, आणि मेडिकेअर तीच धरते. १ जून १९६२ अशी नोंद असलेल्याचे मेडिकेअर १ मे २०२७ पासून सुरू होईल, आणि त्याची सात महिन्यांची मुदत १ फेब्रुवारी ते ३१ ऑगस्ट अशी असेल. श्रावण डोळ्यांसमोर ठेवून सप्टेंबरमध्ये अर्ज करायला गेलेल्या माणसाची मुदत तेव्हा संपलेली असते.

मेडिकेअर आपोआप येते हा दुसरा मोठा गैरसमज आहे. जे पासष्टीच्या किमान चार महिने आधीपासून सोशल सिक्युरिटीचे पैसे घेत आहेत, त्यांनाच ए आणि बी अर्ज न करता मिळतात. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांचे सोशल सिक्युरिटीचे पूर्ण निवृत्तिवय ६७ आहे, त्यामुळे बहुतेक लोक पासष्टीला ते पैसे घेत नसतात. त्यांना अर्ज स्वतः करावा लागतो, आणि कोणी आठवण करून देईलच अशी खात्री नसते.

मुदत चुकली आणि दुसरे मान्य संरक्षण नसले, तर दर १ जानेवारी ते ३१ मार्च या सर्वसाधारण मुदतीची वाट पाहावी लागते आणि दंड लागतो. पार्ट बीचा दंड उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे १० टक्के असतो, आणि पार्ट बी जोवर आहे तोवर, म्हणजे बहुधा आयुष्यभर, तो हप्त्यात धरला जातो.

नोकरी चालू असेल तर

पासष्टीनंतरही तुम्ही किंवा तुमचा जोडीदार नोकरी करत असाल, त्या नोकरीतून आरोग्यविमा असेल आणि त्या मालकाकडे २० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पार्ट बी पुढे ढकलता येतो. दंड लागत नाही. तिथे नोकरीचा विमा आधी पैसे देतो. कर्मचारी वीसपेक्षा कमी असतील, तर मात्र मेडिकेअरने आधी पैसे द्यायचे असतात. ती तुम्ही घेतलीच नसेल, तर नोकरीचा विमा तो वाटा नाकारू शकतो. आपल्यातले पुष्कळ जण बारा-पंधरा माणसांच्या सॉफ्टवेअर सल्लागार कंपन्यांत किंवा स्वतःच्या छोट्या व्यवसायात असतात. त्यांनी कर्मचारीसंख्या विचारूनच निर्णय घ्यावा, आणि उत्तर लेखी मागावे.

नोकरी किंवा नोकरीचा विमा, यांतले जे आधी संपेल, तिथपासून पार्ट बीसाठी आठ महिन्यांची खास मुदत मिळते. औषधांच्या पार्ट डीसाठी मात्र जेमतेम दोन महिने मिळतात. हा फरक अनेकांच्या नजरेतून सुटतो.

इथे माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते, कारण तशीच चूक मी नंतर आणखी तीन घरांत होताना पाहिली आहे. दादाची नोकरी जानेवारी २०२३ अखेर गेली, तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. पार्ट ए त्याने पूर्वीच घेतला होता, बी घेतला नव्हता. कंपनीच्या मनुष्यबळ खात्याने त्याला कोब्राचे कागद दिले, म्हणजे जुनाच विमा अठरा महिने पूर्ण पैसे भरून चालू ठेवण्याची सोय, आणि विमा आहे म्हणून तो निर्धास्त राहिला. कोब्रा हा चालू नोकरीतला विमा नव्हे, म्हणून ती आठ महिन्यांची मुदत फेब्रुवारीपासूनच मोजली जात होती, हे त्याला कोणी सांगितले नाही. ती सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. जुलै २०२४ मध्ये कोब्रा संपल्यावर तो अर्ज करायला गेला, तेव्हा जानेवारीपर्यंत थांबा असे उत्तर मिळाले. सहा महिने त्याच्याकडे रुग्णालयाचा भाग होता, पण डॉक्टरचा नव्हता. हृदयाच्या तपासण्या नेमक्या त्याच काळात निघाल्या आणि त्या खिशातून भराव्या लागल्या. आज त्याच्या बीच्या हप्त्यावर २० टक्के दंड आहे. २०२६ चा हप्ता २०२.९० डॉलर असल्यामुळे तो महिन्याला सुमारे ४०.६० डॉलर जादा भरतो, आणि हप्ता वाढेल तसा दंडही वाढत जाईल. नोकरी सुटण्याच्या वयात पासष्टी उलटलेली असेल, तर कोब्राच्या कागदांवर सही करण्याआधी पार्ट बीचा अर्ज करावा, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

अशा वेळी दोन कागद लागतात: सीएमएस-४०बी हा आपला अर्ज, आणि सीएमएस-एल५६४ हे मालकाने भरून द्यायचे प्रमाणपत्र. दुसरा कागद नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातच भरून घ्यावा. एकदा बाहेर पडल्यावर मनुष्यबळ खात्याकडून उत्तर मिळायला महिना जाऊ शकतो.

ज्यांचे एचएसए, म्हणजे करमुक्त आरोग्य बचतखाते आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. मेडिकेअरचा कोणताही भाग सुरू झाला की त्या खात्यात पैसे भरता येत नाहीत; जुने पैसे वापरता येतात. पासष्टीनंतर उशिरा अर्ज केला, तर विनामूल्य पार्ट ए सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतो, मात्र पासष्टीच्या मागे जात नाही. म्हणून अर्जाच्या सहा महिने आधीच भरणा थांबवावा. सोशल सिक्युरिटीचे पैसे सुरू केले की पार्ट ए त्याबरोबरच येतो, हेही ध्यानात असावे.

दोन वाटा

आता खरी निवड. एका बाजूला मूळ मेडिकेअर, तिला जोडून मेडिगॅप नावाची पूरक पॉलिसी आणि वेगळी पार्ट डी योजना. दुसऱ्या बाजूला मेडिकेअर ॲडव्हांटेज. दोन्हींकडे पार्ट बीचा हप्ता भरावाच लागतो. ॲडव्हांटेजची शून्य हप्त्याची जाहिरात असते ती बीच्या वरच्या हप्त्याबद्दल असते.

नुसती मूळ मेडिकेअर पुरत नाही. २०२६ मध्ये रुग्णालयात दाखल झाल्यावर पहिले १,७३६ डॉलर आपण भरायचे, आणि बीमध्ये वर्षाचे पहिले २८३ डॉलर भरल्यानंतरही प्रत्येक बिलाचा २० टक्के वाटा आपला असतो. या २० टक्क्यांना कमाल मर्यादा नाही. कर्करोगाच्या उपचारांचे मान्य बिल ८०,००० डॉलर झाले, तर १६,००० आपले. हे भोक बुजवण्यासाठी मेडिगॅप असते.

मेडिगॅपच्या योजनांना अक्षरे दिलेली आहेत, आणि एका अक्षराचे लाभ कायद्याने ठरलेले असतात. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांची रचना वेगळी आहे; इतरत्र ‘जी’ योजना कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी देते तेच. त्यामुळे फक्त किंमत आणि ती वयाबरोबर कशी वाढणार हे पाहायचे असते. नवीन पात्र होणाऱ्यांसाठी ‘जी’ ही सर्वांत भरघोस योजना आहे. बीचे २८३ डॉलर भरले की मेडिकेअरने मान्य केलेल्या बिलांत बहुधा काही द्यावे लागत नाही. ‘एन’ थोडी स्वस्त असते. तिच्यात काही भेटींना २० डॉलरपर्यंत, दाखल न होता आपत्कालीन विभागातून परतल्यास ५० डॉलरपर्यंत, आणि काही डॉक्टर मान्य दरावर लावतात ती जादा रक्कम, एवढे आपल्याकडे राहते. जुनी ‘एफ’ योजना शेजाऱ्याकडे असेल आणि तो तिची स्तुती करत असेल, तरी १ जानेवारी २०२० किंवा त्यानंतर पात्र झालेल्यांना ती मिळत नाही.

ॲडव्हांटेजमध्ये मेडिगॅपचा हप्ता वाचतो, औषधे त्यातच येतात, दात आणि चष्म्याचा काही लाभ मिळतो, आणि नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीच्या यादीतल्या डॉक्टर-रुग्णालयांकडच्या, खर्चाला वार्षिक मर्यादा असते. २०२६ मध्ये ती ९,२५० डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या बदल्यात डॉक्टर कंपनीच्या यादीतले असावे लागतात, आणि एमआरआय, शस्त्रक्रिया, पुनर्वसन केंद्र अशा गोष्टींना पूर्वपरवानगी लागते. मूळ मेडिकेअर घेणारा कोणताही डॉक्टर, कोणत्याही राज्यात, हे स्वातंत्र्य त्यात राहत नाही. मुलगा टेक्ससमध्ये आणि मुलगी कॅलिफोर्नियात असेल आणि वर्षातले काही महिने एकाकडे, काही महिने दुसरीकडे जाणार असतील, तर हा मुद्दा फार मोठा आहे.

माझे मत मी लपवत नाही. ज्यांना हप्ता झेपतो, त्यांनी सुरुवातीला मेडिगॅप घ्यावी. त्याचे कारण लाभांच्या तक्त्यात सापडत नाही, ते एका मुदतीत आहे. पासष्टी पूर्ण होऊन पार्ट बी सुरू झाला, की त्या दिवसापासून सहा महिने कोणतीही मेडिगॅप कंपनी तुम्हाला मधुमेह, बायपास किंवा जुना कर्करोग यांवरून नाकारू शकत नाही आणि जादा दर लावू शकत नाही. ही मुदत आयुष्यात एकदाच येते. त्यानंतर न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटसारखी थोडी राज्ये सोडली, तर बहुतेक ठिकाणी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते, आणि नकार येऊ शकतो. मेडिगॅपवरून ॲडव्हांटेजकडे जायला दरवर्षी दार उघडे असते. परतीचे दार तसे उघडे नसते. पासष्टीला प्रथमच ॲडव्हांटेज घेतली असेल, तर पहिल्या बारा महिन्यांत मूळ मेडिकेअरकडे परतून मेडिगॅप हमीने घेण्याचा हक्क मिळतो. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार किती आहे हे पाहता, सत्तरीत अचानक मेडिगॅप हवीशी वाटणे ही काल्पनिक गोष्ट नाही.

पासष्टीनंतर नोकरी करून बी उशिरा घेणाऱ्यांची सहा महिन्यांची मुदत बी सुरू झाल्यावरच उघडते, त्यामुळे त्यांचे नुकसान होत नाही. ज्यांचे उत्पन्न बेताचे आहे, त्यांना मात्र ॲडव्हांटेज घेण्यावाचून पर्याय नसतो, आणि चांगले नेटवर्क असलेल्या गावात तिने समाधानी असलेली घरेही मला माहीत आहेत. त्यांनी निदान आपले डॉक्टर, आपले रुग्णालय आणि आपली औषधे त्या नेमक्या योजनेत आहेत का, हे डॉक्टरच्या कार्यालयात फोन करून विचारावे. छापील यादी जुनी असू शकते.

औषधे

मी कोणाच्या घरी मदतीला जाते, तेव्हा आधी औषधांचा डबा मागते. बाटल्या टेबलावर ओळीने मांडायच्या आणि प्रत्येकीवरचे नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा हे एका कागदावर लिहायचे. मग ती यादी आणि आपला पिनकोड मेडिकेअरच्या संकेतस्थळावरील योजनाशोधकात घालायचा. हप्ता आणि औषधे मिळून वर्षाचा एकूण खर्च कोणत्या योजनेत सर्वांत कमी होतो, ते तिथे दिसते. सर्वांत कमी हप्त्याची योजना पुष्कळदा सर्वांत महाग पडते. त्या डब्यात पुण्याहून आणलेल्या गोळ्यांची पाने हमखास असतात. ती पार्ट डीत धरली जात नाहीत. त्यांच्या जागी इथले कोणते औषध चालेल, हे आधी डॉक्टरांना विचारून मगच यादी पूर्ण करावी.

२०२६ मध्ये पार्ट डीत येणाऱ्या औषधांवर आपल्या खिशातून वर्षाला २,१०० डॉलरपेक्षा जास्त जात नाहीत, आणि योजनेत असलेल्या इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आहे. जानुव्हिया, जार्डियन्स, फारझिगा, एलिक्विस अशा दहा औषधांचे सरकारने घासाघीस करून ठरवलेले दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले आहेत.

मी एकही गोळी घेत नाही, मग पार्ट डी कशाला, असे म्हणणाऱ्यांनी दंड लक्षात घ्यावा. तितक्याच दर्जाचे दुसरे संरक्षण नसताना गेलेल्या प्रत्येक महिन्यामागे सरकारने ठरवलेल्या मूळ हप्त्याच्या १ टक्का, आणि तोही कायमचा. मूळ हप्ता यंदा ३८.९९ डॉलर आहे. एखादी स्वस्त योजना घेऊन ठेवणे बरे. नोकरीतल्या विम्याकडून दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत औषधसंरक्षणाचा दर्जा सांगणारे पत्र येते. ते फेकू नये.

भारतवारी

मेडिकेअर भारतात चालत नाही. हे वाक्य मी मंडळाच्या प्रत्येक सभेत सांगते, तरी दर हिवाळ्यात कोणीतरी कार्ड घेऊन पुण्याच्या रुग्णालयात उभे राहते.

‘जी’ आणि ‘एन’सह मेडिगॅपच्या काही योजनांत परदेशातील तातडीच्या उपचारांचा लाभ असतो: २५० डॉलर आपण भरल्यावर खर्चाच्या ८० टक्के, आणि आयुष्यभरात एकूण ५०,००० डॉलरपर्यंत. हा लाभ प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच सुरू झालेल्या तातडीच्या आजाराला मिळतो. नोव्हेंबरमध्ये जाऊन होळी करून परतणाऱ्यांना तो अर्ध्या वाटेत सोडून देतो, म्हणून त्यांनी प्रवासविमा घ्यावा, आणि आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का ते पाहावे. ॲडव्हांटेजच्या काही योजनाही परदेशातील तातडीचा खर्च देतात. पण तिथे दुसरी अडचण आहे: योजनेच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिलात, तर सर्वसाधारणपणे नाव काढले जाते.

कायमचे भारतात परतणाऱ्यांनी विनामूल्य पार्ट ए असू द्यावा. बीचा हप्ता तिकडूनही भरत राहायचा की सोडायचा, हा निर्णय कठीण आहे. सोडून काही वर्षांनी नातवंडांजवळ परत आलात, तर जानेवारी ते मार्चची वाट आणि साठलेला दंड दोन्ही पुढे येतात. परतण्याची थोडीही शक्यता असेल, तर हप्ता भरत राहिलेला बरा, असे मला वाटते.

कोथरूडचा फ्लॅट आणि वाढीव हप्ता

पार्ट बीचा २०२.९० डॉलरचा हप्ता सर्वांना सारखा नसतो. दोन वर्षांपूर्वीच्या करविवरणपत्रातील उत्पन्न एका मर्यादेपलीकडे असेल, तर बी आणि डी दोन्हींवर अधिभार लागतो. २०२६ साठी २०२४ चे उत्पन्न पाहिले जाते, आणि मर्यादा एकट्याला १,०९,००० व एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला २,१८,००० डॉलर अशी आहे. ती ओलांडली की पहिल्या टप्प्यातच बीचा हप्ता प्रत्येकी २८४.१० डॉलर होतो.

निवृत्तीमुळे उत्पन्न घटले असेल, तर एसएसए-४४ हा अर्ज भरून नव्या उत्पन्नावर हिशेब करून घेता येतो. मालमत्ता विकून झालेल्या नफ्याला मात्र ही सवलत नाही. भाड्याने दिलेला कोथरूडचा फ्लॅट पासष्टीच्या आसपास विकला, तर तो भांडवली नफा अमेरिकेच्या विवरणपत्रात येतो आणि दोन वर्षांनी वर्षभर वाढीव हप्ता घेऊन येतो. शक्य असल्यास विक्री त्रेसष्टाव्या वर्षाच्या आत उरकावी, किंवा अधिभाराचे पैसे धरूनच व्यवहार करावा.

ग्रीनकार्डावर आलेले आई-वडील

मुलाने कितीही वर्षे कर भरला असला, तरी त्याच्या श्रेयांकांवर आई-वडिलांना विनामूल्य पार्ट ए मिळत नाही. ६५ वर्षे पूर्ण आणि ग्रीनकार्डावर अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य, असे झाले की त्यांना मेडिकेअर विकत घेता येते: पार्ट ए महिन्याला ५६५ आणि बी २०२.९०, म्हणजे प्रत्येकी ७६७.९० डॉलर. तोवर मार्केटप्लेसमधली, म्हणजे सरकारी विमाबाजारातली, योजना घ्यावी. पाच वर्षांत भारतातले मुक्काम लांबले, तर वास्तव्य सलग होते का असा प्रश्न येऊ शकतो. जाण्या-येण्याच्या तारखांची वही ठेवावी आणि पासपोर्टच्या शिक्क्यांच्या प्रती जपाव्यात.

प्रत्यक्ष अर्ज

ए आणि बीचा अर्ज सोशल सिक्युरिटीकडे करायचा असतो, संकेतस्थळावर, कार्यालयात किंवा १-८००-७७२-१२१३ या क्रमांकावर. योजनांविषयीची चौकशी १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या क्रमांकावर होते. दोन्हीकडे दुभाषी विनामूल्य मिळतो. आई-वडिलांसाठी मराठी किंवा हिंदी दुभाषी मागावा. प्रत्येक राज्यात ‘शिप’ या नावाने ओळखली जाणारी सरकारी अनुदानाची सल्लासेवा आहे, कॅलिफोर्नियात तिला ‘हायकॅप’ म्हणतात. तिथले समुपदेशक काही विकत नाहीत, पैसे घेत नाहीत, आणि निवांत बसून समजावून सांगतात. दलालाकडे जायला हरकत नाही, पण त्याला कंपनीकडून कमिशन मिळते. तो कोणकोणत्या कंपन्यांची कामे करतो हे आधी विचारावे.

लाल-पांढऱ्या-निळ्या कागदी कार्डावरचा अकरा अक्षर-अंकांचा क्रमांक फोनवर कोणाला सांगू नये. आपण बोलावल्याशिवाय मेडिकेअर फोन करून क्रमांक मागत नाही. ॲडव्हांटेज घेतली, तरी हे मूळ कार्ड जपून ठेवावे.

दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत आपल्या पार्ट डी किंवा ॲडव्हांटेज योजनेकडून पुढच्या वर्षीच्या बदलांचे पत्र येते, आणि १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात योजना बदलता येते. ते पत्र आल्यावर औषधांची जुनी यादी काढावी, नवीन बाटल्यांशी ताडून पाहावी आणि योजनाशोधकात पुन्हा घालावी. नोव्हेंबरात भारतात जाणार असाल, तर हे काम विमानात बसण्याआधी उरकावे.